चौथी जागा

आमच्या आत्याचा शत्रू म्हणजे माझे बाबा. तसं तिला सांगितलं गेलं होतं, आणि सांगितलेलं काम मन लावून करायची तिला खोडच होती. त्यामुळे रोज सकाळी ती आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला शत्रूच्या जागी बसवायची आणि त्याचं भलं चिंतायची. वर्षानुवर्षं हे चाललं. ऐकणाऱ्याला हसू येतं. मलाही येतं, पण पूर्ण येत नाही.

दोघांचं फ्रेमचं दुकान होतं, आजोबांनी काढलेलं. पुढे काउंटर, भिंतीवर लाकडी पट्ट्यांचे कोपरे नमुन्यादाखल टांगलेले, मागे कामाची खोली आणि तिच्याही मागे आमचं घर. बाबा काच कापायचे आणि पट्ट्या तिरक्या कापून कोपरे जोडायचे. पुढचं सगळं आत्याकडे. फोटोभोवती जाड कागदाची चौकट कापायची, काच पुसायची, मागे पुठ्ठा ठोकायचा, कडेनं कागदी पट्टी चिकटवायची. काचेखाली केसभर कचरा राहिला तरी ती अख्खी फ्रेम पुन्हा उघडायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू द्या हो, कोण बघतंय?" आत्या म्हणायची, "भिंतीवर गेली की तुम्हीच बघाल. मग दुसरं काही दिसणार नाही तुम्हाला."

बाबा काच कापत असताना कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. कटर काचेवरून सरकताना आवाज एकसारखा आला पाहिजे, मध्येच तुटला तर काच तिथंच दगा देते. तेवढ्या वेळापुरती आत्या हातातलं काम थांबवायची. काच टक्कन सुटली की दोघं एकदमच श्वास सोडायची. लहानपणी मला वाटायचं, सगळे बहीणभाऊ असेच असतात.

आत्याचे यजमान लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेले आणि ती परत दुकानात आली. काम चोख करायची, पण झोप उडाली होती ती उडालीच. आईनं सगळे उपाय करून पाहिले. शेवटी बाबांनी तिला ध्यानाला नेलं. हो, नेलं बाबांनीच. पुढे जे झालं त्यात हे विसरून चालत नाही.

एका बंद पडलेल्या शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन एक आचार्य तिथं बुद्धाच्या वाटेचं ध्यान शिकवायचे. खाली सतरंज्या, खिडकीची एक काच फुटलेली, भिंतीवर काहीच नाही. पहिल्याच दिवशी आत्या बसल्या बसल्या झोपली आणि चक्क घोरायला लागली. लोक खुसुखुसु हसायला लागले. आचार्य म्हणाले, "झोपू द्या त्यांना. दमल्यात त्या." आणि उठून त्यांनी स्वतःची शाल तिच्या अंगावर टाकली. हे त्यांच्या बाजूनं मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरं बोलायला मला फारसं जमणार नाही.

तिथं मैत्रीभावना शिकवत. मनात चार जागा मांडायच्या आणि प्रत्येक जागी एकेका माणसाचं भलं चिंतायचं. पहिल्या जागी स्वतः, दुसऱ्या जागी आपलं माणूस, तिसऱ्या जागी ज्याच्याशी आपलं देणंघेणं नाही असा कुणीही आणि चौथ्या जागी शत्रू. शत्रूचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा, त्यानं कधी केलेली एखादी चांगली गोष्ट आठवायची आणि मन मऊ होईपर्यंत तिथून हलायचं नाही. आत्याच्या चौथ्या जागी सुरुवातीला यजमानांच्या आजारपणातला तो डॉक्टर होता, जो निरोप पाठवूनही वेळेवर आला नव्हता. पुष्कळ महिने लागले, पण एक दिवस ती आईला म्हणाली, "वहिनी, त्यालाही तेव्हा दुसरीकडे कुणीतरी बोलावलं असेल." त्या दिवसापासून तिला झोप लागायला लागली.

मग दोघं रोजच बसायला लागली. दुकान उघडायच्या आधी, कामाच्या खोलीत, काचांच्या मांडणीला पाठ करून, शेजारी शेजारी. मी शाळेची वेणी घालून तिथून पाय न वाजवता जायचे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात शांत जागा ती होती. आजही सकाळी कुठं पट्ट्या जोडायच्या सरसाचा वास आला की मला ती खोली हवीहवीशी वाटते, आणि खोली काही परत मिळत नाही.

आचार्यांचं नाव झालं. केंद्राची स्वतःची इमारत झाली, पायऱ्यांना गुळगुळीत फरशी आली आणि भिंतीवर आचार्यांचा फोटो आला. मग प्रत्येकाला घरी तो फोटो हवा झाला. फ्रेमचं काम अर्थातच आमच्याकडे. कामाच्या खोलीत आचार्यांच्या चेहऱ्यांची थप्पी लागलेली असायची. आत्या प्रत्येक चेहऱ्यावरची काच त्याच निष्ठेनं पुसायची. बाबा काच कापून तिच्याकडे सरकवायचे आणि फोटोकडे बघायचे नाहीत.

त्याच सुमाराला केंद्रात नवीन शिकवण आली. पहिल्या जागी आता स्वतःला बसवायचं नाही, आचार्यांना बसवायचं. गुरूच्या कृपेवाचून मन मऊ होत नाही, असं त्यांचे जवळचे शिष्य सांगायला लागले, आणि आचार्य नाही म्हणाले नाहीत. ध्यानाआधी सगळ्यांनी मिळून म्हणायचं, गुरूच्या ठायी माझ्या मनात कधी शंका न येवो.

बाबा सहसा चारचौघांत तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी प्रश्नांच्या वेळी ते उभे राहिले. "आचार्य, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, कुणी सांगतं म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा. मग तुम्हाला तपासायचं की नाही?"

आचार्य हसले. ध्यानाच्या वाटेत पाच अडथळे असतात, म्हणाले, आणि शंका हा पाचवा. "आपल्या या साधकाला पाचव्यानं धरलंय. आपण सगळे त्याच्यासाठी मैत्री करू." सगळ्यांनी लगेच डोळे मिटले. बाबा एकटेच डोळे उघडे ठेवून उभे राहिले. शंकेला उत्तर देण्याऐवजी आजार ठरवून टाकलं की काम किती सोपं होतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं आणि डोकं तापतं.

नंतर आचार्यांनी आत्याला आत बोलावलं. भावावर माया आहे म्हणून तुमची वाट अडते, म्हणाले. जो गुरूवर शंका घेतो तो साधकाचा शत्रूच, मग तो रक्ताचा का असेना. त्याला चौथ्या जागी बसवा.

आणि आत्यानं काय करावं? तिनं त्याला बसवलं, आणि मग येऊन बाबांना सांगितलं. बाबा काच कापत होते. ते संपेपर्यंत ती थांबली आणि मग आनंदानं म्हणाली, "धाकट्या, तू येत नाहीस तरी मी तुला सोडलेलं नाही हं. रोज तुझ्यासाठी मैत्री करते. चौथ्या जागी का असेना, पण करते."

ही चूक करायला त्या केंद्राचंच माणूस हवं. तिला खरोखर वाटलं होतं की ती त्याला काहीतरी देते आहे. बाबांनी कटर पुसून ठेवला. "ताई, चौथ्या?" एवढंच विचारलं. तिनं मान डोलावली. महिन्याभरात आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो आणि बाबा एका ठेकेदाराकडे खिडक्यांच्या काचा बसवायला लागले.

बोलणं बंद झालं. आई म्हणायची, भांडले असते तर बरं झालं असतं, निदान समेट करायला काही सापडलं असतं. मी मात्र आत्याकडे जात राहिले. भांडण त्यांचं होतं, मी कुणाच्या जागेत बसले नव्हते. आत्या स्वतःच काच कापायला शिकली होती. फार काचा फोडायची. कटर टेकवायची आणि एकदा शेजारी बघायची, आवाज बरोबर येतोय का हे विचारल्यासारखं. शेजारी कुणी नसायचं. मी उगाच झाडू घ्यायचे.

"बाबांची आठवण येते का गं?" एकदा मी विचारलं.

"आठवण यायला तो जायला नको का? रोज सकाळी असतोच की."

मग तिनं मला सांगितलं ते असं. चौथ्या जागी बसवलं की त्या माणसाची चांगली गोष्ट आठवावी लागते, रोज एक. तिनं आठवायला सुरुवात केली. लहानपणी वडलांच्या हातून काच फुटली तेव्हा ती आपणच फोडली म्हणून त्यानं आईचा मार खाल्ला होता. तिच्या लग्नात तो मांडवामागे जाऊन रडला होता आणि डोळ्यांत धूर गेला म्हणाला होता. यजमान गेले तेव्हा तिनं न सांगता त्यानं तिच्या खोलीतली कपाटं सरकवून पलंग खिडकीशी लावला होता. एकेक आठवत गेली आणि संपेचना. मन मऊ होईपर्यंत हलायचं नाही असा नियम, आणि तिचं मन डोळे मिटायच्या आधीच मऊ झालेलं असायचं. तरी ती तिथून हलायची नाही. "तिथंच बरं वाटतं गं मला," ती म्हणाली. "दिवसभरात तेवढीच त्याची भेट."

पंचाईत पहिल्या जागी झाली. आचार्यांना तिथं आणायला गेली की चेहरा यायचा तो फ्रेमसकट यायचा. कागदाची चौकट, काच, कडेची पट्टी, सगळं. एवढ्या वेळा तिनं तो बसवला होता. आतला माणूस काही केल्या बाहेर येईना. त्यांची एखादी चांगली गोष्ट आठवू म्हणाली तर एकच आठवायची, झोपू द्या त्यांना. ती शाल. त्यानंतरचं काहीच नाही. ती त्या शाल टाकणाऱ्या माणसाला शोधत राहिली, पुष्कळ दिवस. मला आचार्यांचा राग यायचा, तिला मात्र त्यांचीही ओढच लागलेली होती.

शेवटी ती त्यांना भेटायला गेली. आचार्य आता म्हातारे झाले होते, आजूबाजूला शिष्य होते. ती म्हणाली, "आचार्य, माझ्या चौथ्या जागी बसवायला कुणी राहिलं नाही. भावाला मी रोज बघितलं. तो शत्रू नाही."

"ते मी ठरवलंय," आचार्य म्हणाले. "तुम्हाला शंका येतेय का?"

"हो," आत्या म्हणाली. "येतेय." नमस्कार केला आणि बाहेर आली.

तिथून ती थेट आमच्याकडे आली. बाबा दारातच होते. तिला बघून ते बाजूला झाले. आई चहा ठेवायला गेली आणि आतच थांबली. शहाणी बाई.

"धाकट्या, मी तुला उठवलं तिथून," आत्या म्हणाली. "तू बसतोस का रे अजून?"

बाबा नखाखालचा चुना काढायला लागले. "नाही बसत ताई. तेव्हापासून नाहीच. डोळे मिटले की चौथ्या जागी मीच दिसायचो."

एवढी वर्षं आम्हाला वाटत होतं, बाबा रागानं सोडून बसलेत. आत्यानं तोंडाला पदर लावला. थोड्या वेळानं तिनं सतरंजीची घडी मोडली आणि भिंतीशी अंथरली. बाबा आले, बसले. घंटा नाही, फोटो नाही. चहा तसाच राहिला. मध्ये एकदा बाबांनी डोळे उघडले, ती आहे का पाहिलं, पुन्हा मिटले.

त्यानंतर आत्या फार दिवस राहिली नाही आमच्यात. जेवढी होती तेवढे दिवस बाबा रोज सकाळी दुकानात जायचे आणि काच तेच कापायचे. तिच्या फोटोची काचही त्यांनीच कापली, आणि पुसायला मला दिली. मी ती फ्रेम तीनदा उघडली.

बाबा अजून बसतात, त्याच खोलीत, काचांच्या मांडणीला पाठ करून. सतरंजीची डावी बाजू रिकामी ठेवतात. मला ध्यान जमत नाही, पण परवा न राहवून विचारलं, "बाबा, आत्याला कितव्या जागी बसवता?"

"तिला कुठं बसवू?" ते म्हणाले. "ती शेजारी असते."