एक दात कमी

आई गेल्यावर बाबा नाशिकच्या घरात एकटे पडले, म्हणून मी त्यांना हरसूलला माझ्याकडे आणलं. मी तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होतो. एक खोली, तिच्यात गुणगुणणारी यंत्रं, आणि मी. गावात मलाच बोलायला कोणी नव्हतं, तर बाबांना कुठून असणार? सकाळी मी कामावर निघालो की ते ओसरीवर खुर्ची टाकून बसत. संध्याकाळी परत यावं तरी तिथेच. जेवताना आम्ही भाजीबद्दल बोलायचो.

महिन्यातून एकदा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नाशिकला न्यावं लागे. जाताना घाट चढायचा. माझी शंभर सीसीची जुनी मोटरसायकल दोघांना घेऊन पहिल्या गिअरवरही धापा टाकायची, आणि मधल्या वळणावर तर बसायचीच. बाबा उतरून चालू लागायचे. एकट्याला घेऊन गाडी चढायची, म्हणून मी वर जाऊन झाडाखाली उभा राहायचो. सत्तरीचा माणूस माझ्यामुळे उन्हात चढण चढतोय, याची लाज वाटायची. त्यांना यायलाही फार वेळ लागे.

शेवटी सातपूरच्या एका मेकॅनिकला विचारलं. त्याने इंजिनाच्या बाजूचं झाकण काढून चेन ओढणारं पुढचं लहान दातेरी चाक, स्प्रॉकेट, दाखवलं. त्याच्या जागी एक दात कमी असलेलं टाकलं तर गाडी चढ ओढेल, पण सपाटीला पळणार नाही, नुसती ओरडेल, असं त्याने आधीच सांगितलं. मी म्हटलं, ओरडू दे.

पुढच्या खेपेला ते वळण आलं तेव्हा बाबांनी सवयीने माझ्या खांद्यावर थाप मारली.

"बसा, आता चढते," मी म्हटलं.

आणि चढली, कुठेही न अडता. वर पोहोचल्यावर मी आनंदाने मागे वळलो, तर बाबा खालच्या रस्त्याकडे बघत होते.

"तो आज वाट बघत बसेल," ते म्हणाले.

मग कळलं, त्या वळणापुढे एक म्हातारा गुरं चारायचा. बाबा पायी निघाले की तो सोबत चालायचा, मग दोघं दगडावर टेकायचे. इतक्या महिन्यांत बाबांनी हे सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी स्वतःहूनच वळणावर गाडी थांबवायचो. बाबा उतरायचे. मी वर थांबलेला असताना कधीकधी वाऱ्यावर त्यांचं हसणं ऐकू यायचं. घरी ते तसे हसत नसत.

बाबा थंडीत गेले, झोपेतच. नंतर मी पहिल्यांदा घाट चढत होतो, तेव्हा त्या म्हाताऱ्याने हात करून मला थांबवलं.

"बाबा नाय आलं?"

मी सांगितलं. तो काठीवर टेकला.

"तुझ्या आयची लय याद काढायचा," तो म्हणाला. "तिची भाकर, तिचं भांडण. मला तं ती पाहिल्यावाणी वाटती."

माझ्यापाशी बाबांनी आईचा विषयही काढला नव्हता.

पुढे माझी बदली निफाडला झाली. तिकडे सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. गाडी नुसती ओरडायची, म्हणून मूळ मापाचं स्प्रॉकेट पुन्हा बसवून घेतलं. गाडी छान पळू लागली. संध्याकाळी मी लवकर घरी पोहोचायचो, कुलूप काढून दिवा लावायचो, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत काय करावं ते सुचायचं नाही.