भांड, पण मान हलवू नकोस

त्या दिवशी मी देवाला शिव्या दिल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मंडळात माझा अनुभव दुसरं कुणी सांगतं तेव्हा नेमकं हेच गाळतं. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचे पणजोबा समुद्र ओलांडून उसाच्या मळ्यांत राबायला आले, त्या बेटावर आम्ही व्हाकोआ गावात राहायचो. हे सरकारी कचेरीत होते, मी संध्याकाळी देवळामागच्या खोलीत मुलांना मराठी शिकवायची. गणपती मात्र सासरी, बेटाच्या उत्तर टोकाला पेती राफ्रेला बसायचा. त्या वर्षी मूर्ती आम्ही व्हाकोआहून नेत होतो. मी पुढच्या सीटवर, मूर्ती माझ्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. ऊसतोडीचे दिवस होते. गुडलँड्सच्या अलीकडे पावसाने आणि सांडलेल्या पाचटाने रस्ता निसरडा झाला होता. शेतातून उसाने भरलेली लॉरी एकदम आडवी आली. ह्यांनी ब्रेक दाबला, पण गाडी घसरत जाऊन लॉरीवर आदळली.

भानावर आले तेव्हा गणपतीचे तुकडे माझ्या पायांपाशी पडले होते. गुडघा डॅशबोर्डवर आपटून सुजला होता, कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं. ह्यांची छाती स्टिअरिंगवर आदळली होती. ते कण्हत होते, पण माझं नाव घेत होते. मला रडू आलं नाही, राग आला. "तुझ्यासाठी निघाले होते रे," मी त्या तुकड्यांकडे बघत ओरडले, "तुला मांडीवर घेऊन! आणि तू हे दिलंस?" पुढे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

रस्ता अडल्यामुळे मागे बस थांबली होती. माणसं धावत आली. बॉनेटमधून पांढरे लोट निघत होते. कुणी ओरडलं, गाडी पेटेल, बाईला बाहेर ओढा. एकाने माझ्या काखेत हात घातले. तेवढ्यात एक आफ्रिकी वंशाची क्रेओल बाई गर्दीतून घुसली आणि तिने त्याचा हात झटकला. "पा बूझे!" ती मला म्हणाली. हलू नकोस. मग मागच्या दारातून आत शिरून, माझ्या पाठीमागे बसून तिने दोन्ही तळव्यांत माझं डोकं घट्ट धरलं. लोक तिच्यावर खेकसत होते. ती त्यांना म्हणाली, "वाफ आहे ती, आग नाही. माझ्या भावाला असंच घाईने ओढून काढलं होतं. तो आता चालत नाही. हिला हात लावाल तर याद राखा."

माझी बडबड चालूच होती. मान वळवून मला तुकड्यांकडे बघायचं होतं, देवाला आणखी सुनावायचं होतं. तिने विचारलं, "कुणाशी बोलतेस?" मी म्हटलं, "देवाशी. भांडतेय." ती जराही दचकली नाही. "भांड," ती म्हणाली, "हवं तेवढं भांड. पण मान हलवू नकोस."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती तशीच बसून होती. तिने हात एकदाही काढले नाहीत. लॉरी बाजूला घेतल्यावर तिची बस केव्हाच निघून गेली होती.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की पुढे बसलेल्यांचं बहुतेक असंच होतं. गुडघा, कपाळ, छाती यांचा मार दिसतो. मानेला बसलेला हिसका दिसत नाही, म्हणून लोक जखमीला उचलतात. माझ्या मानेचं हाड तडकलं होतं. कुणी मला ओढलं असतं, तर हातपाय कायमचे गेले असते. ह्यांच्या बरगड्या महिन्याभरात सांधल्या. माझ्या गळ्यात मात्र कितीतरी दिवस कडक पट्टा होता. भेटायला येणारे कुणी म्हणायचे की गणपतीने सगळं स्वतःवर घेतलं, कुणी म्हणायचे की मूर्ती भंगली, अपशकुन झाला. दोन्ही ऐकून माझं डोकं तडकायचं. स्वतःवर घेतलं तर माझी मान कशी मोडली? आणि अपशकुन म्हणावा, तर ते दोन हात कुठून आले?

त्या बाईचं नाव रोझलीन. गुडलँड्सच्या बाजारात विचारत विचारत ह्यांनी तिचं घर शोधलं. मी तिला म्हटलं, "तुला देवानेच पाठवलं." ती हसली. "मला कुणी पाठवलं नाही. रस्ता बंद होता, म्हणून उतरले." आतल्या खोलीत तिचा भाऊ चाकाच्या खुर्चीत बसलेला दिसला.

पुढच्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "मूर्ती दुसरं कोण तरी आणील. तू घरी रव गो." मी ऐकलं नाही. त्याच रस्त्याने, मांडीवर मूर्ती घेऊन गेले. भीतीने तळहात भिजले होते, तरी गेले. आरतीला रोझलीन आणि तिचा भाऊ दोघंही आले होते. चुलत सासरे म्हणाले, "सूनबाई, डोकं टेकव." मी म्हटलं, "मान वाकत नाही, काका. उभ्यानेच बोलते." आणि गणपतीच्या डोळ्यांत डोळे घालून ओठांतल्या ओठांत म्हटलं: माझ्यासाठी जे केलंस, त्याचे उपकार जन्मभर मानीन. पण रोझलीनच्या भावाच्या वेळी ते हात कुठे होते? सांग.

हाच प्रश्न आजही दरवर्षी मी विचारते.

शरण जाणं म्हणजे तोंड मिटणं, असं मला लहानपणापासून शिकवलं होतं. मला ते पटत नाही. त्या गाडीत माझं तोंड बंद नव्हतं, मनात भक्ती नव्हती, हात जोडलेले नव्हते. तरी माझं डोकं कुणाच्या तरी हातात होतं, आणि मी ते तिथे राहू दिलं. मला जमलेली शरणागती एवढीच.

त्या संध्याकाळी आरती संपल्यावर मी रोझलीनच्या भावाच्या हातात मोदक ठेवला. माझे ओठ बराच वेळ हलताना त्याने पाहिले असावेत, आणि गाडीतलं माझं भांडण रोझलीनने त्याला सांगितलं होतं. "झालं भांडून?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, "माझ्यातर्फेही थोडं भांड."