बिननावाच्या मुलीला केनवडहून गोव्याला नेताना

परदेशी पासपोर्टावर माहेरी बाळंतपणाला जाऊ नका. जायचंच असेल तर नणंदेला सोबत न्या. एवढं सांगून मी थांबले असते, पण इथं गोव्यात आमच्या शिरोड्यातल्या दोघी मैत्रिणींनी "कशी गेलीस, कशी आलीस, सगळं लिहून दे" म्हणून माझा पिच्छा पुरवलाय. त्यांच्या माहेरी जायला अशीच सरहद्द ओलांडावी लागते, म्हणून हे सविस्तर लिहिते.

मी मूळची वऱ्हाडातली, रिसोडजवळच्या केनवडची. मुंबईच्या इस्पितळात नर्स झाले, तिथं एका गोवेकर डॉक्टरशी लग्न केलं, आणि नवरा पोर्तुगीज प्रजाजन म्हणून कायद्यानं मलाही पोर्तुगीज करून टाकलं. पोर्तुगीज भाषेचं एक अक्षर मला येत नाही. पण पासपोर्टावर माझा फोटो आहे, आणि त्या फोटोतली बाई स्वतःच्या आईच्या घरी परदेशी आहे, असं लढाई सुरू झाल्यापासून सरकारला फार वाटायला लागलंय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, हे मात्र दोन्ही घरांना वाटत होतं. तिथं कुणी पासपोर्टाचा विचार केला नाही. मीही केला नाही, दिवस भरत आलेल्या बाईला पाय टेकायला आईचं घर हवं असतं, बाकी काही सुचत नाही.

केनवडला मुलगी झाली. गोरीपान, रागीट, माझ्यावर गेलेली. बाराव्या दिवशी बारसं व्हायला हवं होतं. नाव ठेवायचं आत्यानं, आणि आत्या बसलेली गोव्यात. सासूबाईंचं पत्र आलं की बारसं इकडे आल्यावरच करू, आत्या नाव ठेवील. माझ्या आईनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "बरोबरच हाय त्याईचं. आत्या नाही तं नाव नाही." तेव्हापासून ती नातीला 'पाहुणी' म्हणायला लागली. पाहुणी उठली काय, पाहुणीले न्हाऊ घालतो, पाहुणीचे डोळे पाय कसे हायेत. घरात दुसरं लेकरू नव्हतं. दादाचं लग्न व्हायचं होतं. आईला दिवसभर तेवढाच उद्योग.

मुक्कामाची मुदत संपत आली तशी मी निघायची तयारी केली. परदेशी माणसाला जाताना पोलिसांचा परवाना लागतो, तो वाशीमला मिळतो. वाटेचं सांगायचं तर केनवड ते मालेगाव दमणीनं, म्हणजे हलक्या बैलगाडीनं, जावं, पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत पोचता. मालेगावहून वाशीमला सर्व्हिस मोटार आहे, आठ आणे. पेट्रोल लढाईला गेल्यामुळे ती कोळशाच्या गॅसवर चालते, म्हणजे चालते असं मालक म्हणतो. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. पैसे देऊन ढकलायची ही मोटार मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. बायकांना ढकलायची सक्ती नसते, आम्ही नुसती धूळ खायची. मालेगावच्या नाक्यावर मोटार निघेपर्यंत कापसाच्या जिनाच्या धुराड्याकडे बघत बसावं लागतं, दुसरं बघण्यासारखं तिथं काही नाही.

वाशीमच्या कचेरीतले कारकून तोंडात पान धरून बसले होते. माझा पासपोर्ट त्यांनी उलटा धरला, सुलटा धरला, फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमी तं आपल्याकडल्याच दिसता."

"केनवडची आहे. मारा शिक्का."

"पन कागद परदेशी हाय ना."

"मग परदेशी समजून मारा."

"परदेशी असत्या तं इतकं तोंड चालवलं नसतं," असं म्हणून त्यांनी दौत पुढे ओढली. माझं सगळं लिहून झालं. मग म्हणाले, "लेकराचं नाव?"

"अजून ठेवलं नाही."

"मंग लिहू काय? आल्या तवा एक जीव, जाऊन राह्यल्या तवा दोन. दुसऱ्याले नाव पायजे."

मी म्हटलं, मुलगी लिहा. नुसत्या मुली खूप असतात, म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच काहीतरी लिहा. तर हा माणूस, ज्याला पासपोर्ट सुलटा धरता येत नाही, तो मला कपाळावर आठ्या घालून विचारतो, "मी काय तिची आत्या हाओ?" नाव आणा, परवाना न्या. तो परवाना दाखवल्यावर मुंबईच्या पोर्तुगीज वकिलातीत मुलीला माझ्या पासपोर्टावर चढवणार, आणि तसं चढवलं तरच गोव्याच्या सरहद्दीवर, कॅसलरॉकच्या नाक्यावर तिला सोडणार. म्हणजे नाव नाही म्हणून जाता येत नाही, आणि जाता येत नाही म्हणून नाव नाही. एवढी हुशारी दोन सरकारांनी मिळून केली होती.

घरी येऊन मी आईला म्हटलं, नाव मी ठेवते. आईनं सुपातलं धान्य बाजूला ठेवलं. "मायनं ठेवलेलं नाव लागत नाही. तुह्या सासरचे काय म्हनतीन?"

"मग माझी मावशी ठेवील."

"मावशी मायच्या अंगाची. नणंद पायजे."

"नणंद गोव्यात आहे."

"मंग येऊ दे तिले."

तिला यायला पुन्हा पासपोर्ट, पुन्हा परवाना. मी आईला समजावलं, चिडले, जुनाट म्हणाले. ती ऐकून घ्यायची आणि पाहुणीचं दुपटं बदलायची. गल्लीतल्या बायकाही आल्या अक्कल द्यायला. त्यांपैकी एकीला गोवा मुंबईच्या अलीकडे आहे की पलीकडे हे ठाऊक नव्हतं, पण आत्याशिवाय ठेवलेल्या नावाचं काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. मुंबईत मी साहेब डॉक्टरांना दोन शब्द सुनावलेली बाई. इथं डिंकाचा लाडू हातात देऊन मला गप्प बसवत होते.

मुदत अगदी जवळ आली तेव्हा मी पुन्हा वाशीमला गेले. ऊन फार, म्हणून या खेपेला मुलीला आईजवळ ठेवलं. कारकुनांनी मला ओळखलं आणि खुर्ची दिली, हे चांगलं लक्षण नव्हतं. मुदत वाढवता येत नाही म्हणाले. मुदतीनंतर राहिले तर खटला. मग आवाज मऊ करून म्हणाले, "बाई, एक करा. लेकराले आजीपाशी ठेवा. इथं जलमलं, थे इथलंच हाय, त्याले कोनी हात लावत नाही. तुमी जा. लढाई संपली की येऊन घेऊन जाजा."

लढाई कधी संपणार ते मी विचारलं नाही. हिटलरनंही ते त्यांना कळवलं नसावं. खरं सांगते, मला त्या माणसाला फाडफाड बोलायचं होतं, पण मी पासपोर्ट उचलला आणि बाहेर पडले. परतीच्या मोटारीत माझं लुगडं छातीशी ओलं झालं होतं आणि पदर ओढून मी बसले होते. मालेगावला दादा दमणी घेऊन आला होता. काय झालं म्हणाला. मी त्याला कारकुनाचं म्हणणं सांगितलं, आणि घरी आईला तू सांग म्हटलं, मला सांगवणार नाही.

सांगायची वेळच आली नाही. घराच्या अलीकडच्या वळणावरच रडणं ऐकू आलं. आई ओट्यावर मुलीला घेऊन फेऱ्या घालत होती. बाजूला गाईच्या दुधाचं बोंडलं भरलेलं होतं तसंच. मुलीचा आवाज बसला होता. मी धूळभरल्या अंगानंच तिला घेतलं आणि ती अंगाला लागल्यावर घर शांत झालं.

"सक्काळपासून नाही पेलं," आई म्हणाली. "फडक्यानं पाजून पायलं, बोटानं पाजून पायलं. थेंब घेतला नाही व माय."

मग दादानं तिला कारकुनाचं म्हणणं सांगितलं. मला वाटलं होतं आई म्हणेल, ठेव माझ्यापाशी.  बोंडल्यातलं दूध तिनं मांजराला ओतलं, बोंडलं घासून पालथं घातलं आणि दादाला म्हणाली, "उद्या मालेगावले जा लागते. बैलाईले पेंड घाल."

कायले, म्हणून दादानं विचारलं. नाव ठेवाले, आई म्हणाली.

मालेगावला आई आम्हाला थेट जिनाच्या आवारात घेऊन गेली. त्याच धुराड्याखाली, ज्याच्याकडे मी दोन्ही खेपा बघत बसले होते. तिथल्या मिस्त्र्याच्या खोलीतून झगा घातलेली एक बाई बाहेर आली, गळ्यात क्रूस, हात पिठाचे. आईला पाहून हसली आणि मला म्हणाली, "तूं शिरोड्याची सून? हांव शिरोड्याची गो."

तिचं नाव रोझालिन. माझ्या सासरच्या गावची, देवळापलीकडच्या वाड्यातली. नवरा जिनात मिस्त्री. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "नवऱ्याच्या गावची पोर म्हंजे बहीन. नवऱ्याची बहीन म्हंजे तुही नणंद. झाली का नाही आत्या?"

"आई, ती किरिस्ताव आहे."

"देव तिचा दुसरा असन. गाव तं तेच हाय ना."

मी नर्स, शहरात राहिलेली, जातपात न मानणारी, दोन महिने बायांना जुनाट म्हणत होते, आणि हा आक्षेप माझ्या तोंडून निघाला. असो. खोलीतल्या खांबांना लुगड्याची झोळी बांधली. रोझालिननं हात धुतले, मुलीच्या कानाशी वाकली आणि कुर्र केलं. आईनं रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, जरा जोरातच घातले. मालती, असं नाव ठेवलं. शिरोड्याला तिच्या शेजारी राहणाऱ्या बालमैत्रिणीचं होतं.

मग ती आत जाऊन एक झबलं घेऊन आली. पांढरं, गळ्याला निळ्या दोऱ्याची वेल. अंगात घालायला गेलो तर मुलीचे हात बाह्यांत जाईनात.

"हें तेन्नाचें," रोझालिन म्हणाली. मग मला नीट कळावं म्हणून मराठीत सांगितलं. "केनवडच्या बाजाराला कोंबडी आणायला मी येते. तुजी आई मिळाली. बाराव्या दिसाच्या आदीची गोष्ट. तुजा गाव कुठला, विचारलं. शिरोडा म्हटल्यावर म्हणाली, तूच आत्या, बोलावते. मी शिवून ठेवलं. वाट बघितली. बोलावणंच नाही आलं."

मी आईकडे वळले. आई झोळीची गाठ सोडत होती. ती गाठ काही इतकी घट्ट नव्हती.

"शिवाचं तं जरा मोठं शिवाचं," आई पाठमोरीच म्हणाली.

माझ्या आईला मी दोन महिने जुनाट, हट्टी, अडाणी म्हटलं. ती अडाणी नव्हती, लबाड होती. वाशीमच्या कचेरीसकट सगळ्यांना तिनं एका आत्यावर झुलवलं, आणि त्या आत्याच्या दारावरून मी मोटारीनं जात-येत राहिले.  पण तिच्याशी भांडणार कशी, पाहुणी तिच्याच खांद्यावर झोपली होती.

पुढचं सोपं. कारकुनांनी 'मालती' लिहिलं आणि म्हणाले, एवढंच होतं बाई, उगीच दोन खेपा केल्या. निघताना मालेगावहून कारंज्याची मोटार धरा. किन्हीराजाला ती थांबते, इंजिनाला श्वास घ्यायला. तिथला चहा गुळाचा आणि कोमट, घेऊ नका, शिदोरी सोडा. आईनं पोळ्या, बेसन आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, दादर येईस्तोवर पुरली. कारंज्याची धर्मशाळा स्वच्छ, पण लहान मूल रडलं की शेजारचे यात्रेकरू असे बघतात की त्यांनी जन्मात लेकरू पाहिलं नाही. तिथून मूर्तिजापूरला छोटी रेल्वे जाते. घाईत असाल तर चालत जा.

आई मालेगावपर्यंत आली होती. मोटार ढकलून सुरू झाली तशी खिडकीशी येऊन म्हणाली, "तुह्या नणंदेले नमस्कार सांग. तिच्या पायी मले लई दिवस मिळाले म्हन."  पदरानं तिनं मुलीच्या तोंडावरची धूळ पुसली, तेवढ्यात मोटार हलली.

मुंबईच्या वकिलातीत मालतीला माझ्या पानावर चढवलं. कॅसलरॉकला एका गोऱ्या अंमलदारानं तिचं नाव मोठ्यानं वाचलं, ते त्याला बोलता येईना, तिनं त्याच्याकडे पाहून जांभई दिली. एवढ्यासाठी सगळा खटाटोप होता.

घरी पोचल्यावर माझ्या खऱ्या नणंदेनं थाटात बारसं केलं आणि कमलाक्षी नाव ठेवलं. मी विरोध केला नाही. घरात ती कमलाक्षी, सरकारदरबारी मालती, आणि केनवडला दादाच्या पत्रात अजून पाहुणीच, पाहुणी किती मोठी झाली, पाहुणीला दात आले का. ते लहान झबलं माझ्या ट्रंकेत आहे. सासूबाई म्हणतात, कुणाला तरी देऊन टाक. मी दिलेलं नाही.

परवा त्या म्हणाल्या, दुसऱ्या खेपेला कशाला ती यातायात, बाळंतपण इथंच करू. आणि जायचंच झालं तर या वेळी आत्यालाही सोबत ने, म्हणजे नावावाचून अडायचं नाही. सुरुवातीला तुम्हाला मीही तोच सल्ला दिला आहे, आणि तो शहाणपणाचा आहे, तुम्ही पाळा. मी मात्र दुसऱ्या खेपेला केनवडलाच जाणार, आणि नणंदेला इथंच ठेवून जाणार.