मी ढोल वाजवत नाही, असं लिहिलं होतं

भोरच्या मोटारतळावर आबांनी माझं गाठोडं सर्व्हिस मोटारीच्या टपावर स्वतः चढवलं. क्लीनर वरून ओढत होता तरी त्यांनी खालचा हात काढला नाही. आदल्या दिवशी आम्ही गुंजवणीच्या काठाकाठानं चालत निघालो होतो, वाटेत पाव्हण्यांकडं मुक्काम केला होता, आणि एवढ्या वाटेत आबा दोन-चार वाक्यांपलीकडं बोलले नव्हते. हँडल मारून इंजिन सुरू झालं तेव्हा ते खिडकीपाशी आले.

"सायबाच्या देवळात वाजवनार, तर वाजव," ते म्हणाले. "द्येव त्यो द्येवच, त्याचं मला काय न्हाई. पन दुसऱ्याच्या वाद्याला हात लावू नगंस. ज्याचं त्याच्यापाशी ऱ्हाऊ दे."

मी व्हय म्हणालो. मोटार हलली. आबा मागं वळून बघत नाहीत हे मला माहीत होतं, तरी शनिवार पेठेच्या वळणापर्यंत मी बघत राहिलो.

जे गावीच राहिले त्यांना हे समजावून सांगायला नको. पण जे माझ्यासारखे बाहेर पडले आणि ज्यांची मुलं आता वाद्यं दुकानात टांगलेली बघतात, त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गावात वाद्य कुणाला आवडतं म्हणून कुणी वाजवत नसे. आम्ही गुरव. भैरोबाच्या देवळात पहाटे आणि दिवेलागणीला सनई वाजवायची ती आबांनी, संबळ चुलत्यानं. डोंगरावर धनगरांचा ढोल. वेशीबाहेर भिवाच्या घरची हलगी. दुसऱ्याचं वाद्य उचललं की त्याच्या पोटावर पाय दिला, असं एक. आणि दुसरं, जे कुणी मोठ्यानं म्हणत नसे: गुरवानं गळ्यात चामडं अडकवून बडवलं तर त्याच्या हातची सनई देवाला चालणार नाही. संबळही चामड्याचाच. पण तो देवापुढचा. असं का, हे मीही कधी विचारलं नाही.

चौथीतून माझी शाळा सुटली. भोरला संस्थानचा बँड होता, त्यात क्लॅरिनेट शिकायला आबांनी मला धाडलं, कारण ती सनईच्याच नात्यातली, असं त्यांचं मत. पुढं संस्थान विलीन झालं. बँड मोडला. गणवेश आणि क्लॅरिनेट जमा करून मी घरी आलो आणि सनईला तोंड लावलं, तर आबा नुसतं ऐकत बसले आणि म्हणाले, तुझा सूर आता तिकडचा झाला. त्यात राग नव्हता. आमचे बँडमास्तर फ्रान्सिस तोवर जबलपूरला एका चर्चमध्ये लागले होते. त्यांचं पत्र आलं की चर्चच्या शाळेत शिपायाची जागा आहे, राहायला खोली आहे, फक्त रविवारी बँडमध्ये वाजवायचं. मी एकोणीस वर्षांचा होतो. ते पत्र आलं नसतं तर माझं काय झालं असतं, हा विचार अजून मनात आला की मी उठून पाणी पितो.

जबलपूरच्या बँडमध्ये नावं आठ जणांची, पण रविवारी हजर चार. बाकीचे रेल्वेच्या शेडमध्ये पाळीवर. त्यामुळं मास्तरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, शंकर, इथं एका माणसाचं एक वाद्य चालत नाही. सुरुवातीचं गीत क्लॅरिनेटवर. मग पाद्रीसाहेब प्रार्थना सांगत, सगळ्यांचे डोळे मिटलेले, तेवढ्यात क्लॅरिनेट बाकावरच्या घोंगडीवर आवाज न करता ठेवायची आणि कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी ट्रंपेट, घ्यायचा. क्लॅरिनेट दातांवर टेकते. कॉर्नेटला ओठच थरथरवावे लागतात. एकावरून दुसऱ्यावर गेलं की ओठ बधिर, आणि परत क्लॅरिनेटवर आलं की ती चिरकते. कॉर्नेटचं तोंड मी काखेत धरून गरम ठेवत असे, क्लॅरिनेटची रीड, तोंडाची ती बोरूची पट्टी, सुकू नये म्हणून उपदेश चालू असताना गालात धरून बसत असे. ज्यांना मी त्या दिवसांत फार भाविक आणि मितभाषी वाटलो, त्यांना कारण हे.

कॉर्नेटपर्यंत मी मनाची समजूत घातली. तोही फुंकायचाच. पण ईस्टरच्या आधी झावळ्यांचा रविवार येतो, त्या दिवशी हातात झावळ्या घेऊन फेरी निघायची होती आणि ढोल वाजवणारा सॅम्युएल पाळीवर जाणार होता. आदल्या दिवशी तो ढोल घेऊन माझ्या खोलीवर आला, पट्टा माझ्या मापाचा करू लागला. मी दोन पावलं मागं सरलो. म्हणालो, हे तुमचं आहे, मी कसा घेऊ.

आमच्या गावात हे बोलणं म्हणजे मान देणं. सॅम्युएल थांबला. त्याचा आजा कोणत्या वस्तीतून चर्चमध्ये आला होता हे मला माहीत नव्हतं. त्यानं पट्टा सोडला आणि शांतपणे विचारलं, "मेरा हाथ लगा है, इसलिए?"

मी नाही म्हणालो, पुन्हा नाही म्हणालो, माझ्या मोडक्या हिंदीत गाव, भैरोबा, सनई सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि ढोल उचलून निघून गेला. फेरी ढोलाशिवाय निघाली. दोन रविवार तो माझ्याशी बोलला नाही. आणि मला झोपताना जे छळायचं ते हे, की मी नाही म्हणालो ते सगळं खरं होतं का? मी मागं सरलो ते पाय त्याच्या हक्काला जपून मागं गेले, की चामडं बघून? आजही मला सांगता येत नाही. दोन्ही होतं, असं वाटतं.

तिसऱ्या रविवारी मीच त्याच्या दारात गेलो आणि ढोल मागितला. त्यानं पट्टा माझ्या खांद्यावर चढवला आणि म्हणाला, पंडितजी, धीरे मारना, औरत नहीं है जो बोलेगी नहीं. आम्ही दोघं हसलो. त्याच्या बायकोनं आतून त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर मी तीन वाद्यं वाजवू लागलो. घरी मात्र क्लॅरिनेटबद्दलच लिहीत राहिलो. आबांना अक्षर येत नाही. माझी कार्डं शाळेचे गुरुजी वाचत, आणि कार्ड म्हटलं की पारावर सगळ्यांचं. म्हणून आईला पाठदुखीवर काय लावायचं एवढंच लिहिण्याची मला सवय लागली होती.

पाचव्या वर्षी आमच्याच गावचा ज्ञानू जबलपूरच्या कारखान्यात लागला. मला हे कुणी कळवलं नव्हतं. त्यानं मला नाताळच्या फेरीत भर रस्त्यात ढोल गळ्यात घातलेला बघितलं, आणि सुट्टीवर गेला तेव्हा कौतुकानंच गावात सांगितलं. ज्ञानू भोळा आहे. त्याला वाटलं गावाला अभिमान वाटेल.

गावकी बसली. कुणी म्हणालं गुरवाचं पोर बाटलं, कुणी म्हणालं आता सनई माझ्या चुलत्याच्या घराकडं द्यावी. भिवा हलगीवाला खाली पायरीपाशी उभा होता, तो म्हणाला म्हणे, "मंग धाडा की त्येला हिकडं, आमच्यातबी एक हात कमी हाय." काही हसले. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, मला ठाऊक नाही, मी पोराला विचारतो. आणि गुरुजींकडून कार्ड आलं: तू ढोल वाजवतोस काय, खरं लिही, तुझं उत्तर देवळात गावापुढं वाचायचं आहे.

ते कार्ड मी चार दिवस खिशात बाळगलं. हो लिहिलं तर आबांची सनई जाणार. पहाटे त्यांच्या आधी गावात कोंबडाही आरवत नसे. तो माणूस सनईशिवाय सकाळी उठून करणार काय? ढोल सोडला आणि मग नाही लिहिलं, तर ते खरं ठरलं असतं. पण ढोल सोडायचा म्हणजे सॅम्युएलच्या दारात जाऊन काय सांगायचं? पहिल्या वेळी न बोलता जे बोललो तेच पुन्हा, आता उघड. आणि मास्तरांना काय सांगायचं, ज्यांनी मला खोली दिली, नोकरी दिली, माझ्या तापात तीन दिवस स्वतःच्या हातानं पेज पाजली?

मी लिहिलं: मी ढोल वाजवत नाही, ज्ञानूनं दुसऱ्या कुणाला बघितलं असेल. सुवाच्य अक्षरात लिहिलं. पुढच्या रविवारी ढोल गळ्यात घातला.

मला वाटलं होतं, वाचतील आणि सोडून देतील. गावकीनं आबांना बेलभंडारा उचलायला लावला हे मला नंतर कळलं. भैरोबापुढं बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन आबांनी शपथ घेतली, की माझ्या पोरानं लिहिलंय ते खरं आहे. सनई त्यांच्याकडंच राहिली. गुरुजींचं कार्ड आलं, सर्व ठीक. मी ते वाचून शाळेची घंटा पाच मिनिटं आधी वाजवली आणि हेडमास्तरांचं बोलणं खाल्लं.

पुढच्या वर्षी ज्ञानू सुट्टीवरून परतताना आबांना बरोबर घेऊन आला. मला पत्र नाही. गाडी सकाळी आली, रविवार होता, आणि ज्ञानूनं त्यांना थेट चर्चकडं आणलं. मी ढोल वाजवत होतो, शेवटचं गीत होतं. दाराबाहेर पायरीवर वहाणा काढून ठेवलेल्या दिसल्या. जबलपूरच्या चर्चमध्ये वहाणा कुणी काढत नाही. वहाणांमागं फेटा होता.

हात थांबवता येईना. गीत संपायला दोन कडवी होती, ती मी वाजवली. माझ्या आयुष्यात तेवढा सरळ ठेका मी कधी धरला नाही.

मी बाहेर आलो, पाया पडलो. आबांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तीन येळा वाद्य बदललंस. सगळ्यांचं डोळं मिटलेलं, मी एकलाच बघत हुतो." तेवढ्यात सॅम्युएल पाळी संपवून तेलकट कपड्यांत आला, माझे वडील म्हणून कळताच आत धावून खुर्ची आणली, चहा सांगितला. आबांना हिंदी येत नाही, त्याला मराठी येत नाही. ढोल पायरीवर टेकवलेला होता. आबांनी कप खाली ठेवला आणि ढोलावर तळवा फिरवला. मग अंगठ्यानं दाबून बघितलं. मला म्हणाले, ह्याला सांग, उन्हात धर जरा, उतरलाय. मी सांगितलं. सॅम्युएलनं ढोल उचलून उन्हात नेला.

मला वाटलं, संपलं, सुटलो. संध्याकाळी आम्ही दोघंच खोलीत होतो तेव्हा आबा बोलले.

"ढोलाचं मला कायबी वाटलं न्हाई, शंकर. वाटंल असं वाटलं हुतं, पन न्हाई. तू खोटं लिवलंस, त्ये म्या देवापुढं धरलं."

मी म्हणालो, तुमची सनई जाईल म्हणून लिहिलं.

"मग ती माजी हुती, जाऊ द्यायची तर म्या द्यायची," ते म्हणाले.

आबा चार दिवस राहिले, मास्तरांना भेटले, सॅम्युएलच्या घरी बसले. गावी गेले आणि देवळात सनई गुंडाळलेल्या फडक्यासकट गावकीपुढं ठेवली. पुढच्या सुट्टीनंतर ज्ञानूकडून आबांचे शब्द समजले ते असे: पोरानं ढोल वाजवला, मीही हात लावला, शपथ खोटी पडली, आता ही माझ्या तोंडाला नको. पाटलांनी मिटवायला बघितलं. म्हणाले, गुरव, कुनाला ठावं न्हाई तर कशाला उकरता? आबा म्हणाले, ज्याच्यापुढं उचलला त्याला ठावं हाय. तेव्हापासून सनई चुलत्याचा मुलगा, माझा चुलतभाऊ, वाजवतो.

आता मला जबलपूरला येऊन बारा वर्षं झाली. मास्तर थकले, बँड मीच बघतो, नव्या मुलांना प्रार्थनेच्या वेळी वाद्य कसं बदलायचं ते शिकवतो. ज्यांनी मला ठेवून घेतलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त उपकाराची जाणीव आहे. तरी उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की गावचं तिकीट काढायला मी शेवटचा दिवस उजाडू देतो.

यंदा गेलो होतो. आईनं मला आबांशेजारी अंथरूण घातलं. पहाटे देवळात चुलतभावाची सनई सुरू झाली तशी मला जाग आली. उजाडत होतं. आबा उताणे पडलेले, डोळे उघडे, आणि दोन्ही हातांची बोटं छातीवरच्या घोंगडीवर चालत होती. चुलतभावाच्या अर्धा सूर पुढं. मधेच देवळातला श्वास तुटला, सूर बसला. आबांची बोटं वर उचलली गेली आणि तशीच थांबली. तिकडं त्यानं सूर पुन्हा धरला तेव्हा कुठं खाली आली. मी जागा आहे हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून हात आत घेतले.

घर म्हणजे माझ्यासाठी आता ती जागा, जिथं माझ्यामुळं एक सनई वाजत नाही, आणि तरी पहिली भाकरी माझ्याच ताटात पडते. तिथं जायची मला भीती वाटते. एखाद्या वर्षी जाणं झालं नाही तर, याची त्याहून जास्त.