शेवटचं रीळ

आमच्या शेजारचे नाना सिनेमा पाहताना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडेच बघतात. तिथे बारीक ठिपका चमकला की ते उठून उभे राहतात आणि काही करायचं नाही हे लक्षात आलं की पुन्हा बसतात. धरणगावच्या टॉकीजमध्ये ते ऑपरेटर होते. ठिपका दिसला की रीळ बदलायचं, ही सवय अजून गेलेली नाही.

तिथेच मी लहानपणी एका लोभी शेठचा सिनेमा पाहिला होता. लोकांच्या ठेवी बुडवून शेठ शेवटी सुटतो, असं मी म्हणतो. बायकोने तो धुळ्याला पाहिला. ती म्हणते, तुरुंगात जातो. लग्नापासून हा वाद चालू आहे. नानांना विचारलं की ते शेव खात म्हणायचे, "तुमनं बी खरं शे, ताईनं बी खरं शे."

परवा दुपारी तोच सिनेमा टीव्हीवर लागला, तेव्हा नाना आमच्याकडेच बसले होते. शेठ बॅग घेऊन हसत गाडीत बसला, कोपऱ्यात ठिपका चमकला, नाना उठले आणि या वेळी सरळ चपला घालायला लागले.

"अहो नाना, अजून बाकी आहे," बायको म्हणाली.

"मना खेळ आठेच संपे," ते खाली बघत म्हणाले. "बजारना दिन शेवटलं रीळ पेटीमाच ऱ्हाये. मालकले एक खेळ जास्ती पाह्यजे व्हता."

मी गेलो होतो तो बाजाराचाच दिवस.

टीव्हीवर शेठला बेड्या पडल्या. बायकोने शेवेची ताटली नानांकडे सरकवली. "म्हणजे खरा शेठ तुमचा मालक," ती म्हणाली, "आणि तो सुटला."

नानांनी चपला काढल्या. "मी काय सांगे, दोन्हीसनं खरं शे."