प्रज्ञाचं ‘ते’ गाणं

प्रज्ञा गेल्याचं तिच्या आईनं, शांताबाईंनी, फोनवर सांगितलं. “पोरगी राहिली न्हाई, ताई.” डेंग्यूचा ताप, चार दिवस दवाखाना... सव्वीस वर्षांची होती. त्याला आता दीड महिना झाला.

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो नांदेडात, ऑटोत. कॉलेजच्या ग्रंथालयातून, माझ्या नोकरीवरून, घरी चालले होते. गाण्यात एक मुलगी ठेक्यावर भराभर बोलत होती आणि मधेच अगदी जवळ आल्यासारखी म्हणाली, ‘घाई कसली, अंबाडा हळू सोड...’ माझं वय बावन्न. कान तापले. घर आलं तरी मी उतरले नाही.

“कोण गातंय हो?”

ऑटोवाला ओशाळला. “उमरीची पोरगी हाय म्याडम, रॅप करती. बदलतो.”

“राहू द्या,” मी म्हटलं.

आठवडाभरात तिची सगळी गाणी ऐकली. शाळेत वेगळं बसवल्याचं, मजुरीला जाणाऱ्या आजीच्या खुरप्याचं. पुढं ती आमच्या कॉलेजात कार्यक्रमाला आली, तेव्हा भेटले. कोणतं आवडलं, तिनं विचारलं. मी आजीचं म्हणाले. ती खळखळून हसली. “खोटं बोलून राहिल्या तुम्ही, ताई! सगळ्या बाया ते ऐकतात अन् नाव आजीचं सांगतात.” मग मी खरं सांगितलं आणि आमची मैत्री झाली. नांदेडला आली की ती ग्रंथालयात येऊन बसायची. त्या गाण्यावरून गावात लोक नको ते बोलले, म्हणून आईनं तिच्याशी दोन महिने अबोला धरला होता. नंतर बोलणं सुरू झालं, पण गाणं मात्र शांताबाईंनी कधीच ऐकलं नाही.

उमरीच्या विहारात शोकसभा झाली. जो तो आजीच्या गाण्यावर बोलला. मग माझी पाळी आली. “मला प्रज्ञा त्या दुसऱ्या गाण्यामुळं भेटली,” मी म्हणाले. “ते ऐकल्यावर मला माझ्याच अंगाची वाटणारी लाज गेली.” सभा संपल्यावर शांताबाईंनी माझा हात धरून घरी नेलं, प्रज्ञाच्या खोलीचं दार लोटलं. “लावा ते गाणं.”

रेकॉर्डिंगमध्ये आवाज घुमू नये म्हणून पोरीनं घरातल्या पांघरायच्या साऱ्या वाकळा, गोधड्या भिंतींना ठोकल्या होत्या. आम्ही दोघी जमिनीवर बसून शेवटपर्यंत ऐकलं.

“कोण होता तो?” त्यांनी विचारलं.

“मला नाही सांगितलं तिनं.”

त्यांनी भिंतीवरच्या वाकळेवरून हात फिरवला. “असू द्या. होता कुणीतरी, हे लई बरं झालं.”

आता थंडी पडली आहे. परवा फोन केला तर शांताबाई शालीवरच भागवतात म्हणाल्या. वाकळा त्यांनी भिंतीवरून काढलेल्या नाहीत.