नानांनी फेकलेलं टोपण

नाना देवऱ्यांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातावर फटका मारला. एकलहऱ्याच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात मी नुकताच लागलो होतो. इन्स्ट्रुमेंट विभागात हजर व्हायला गेलो आणि साहेब येईपर्यंत उभ्या उभ्या चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागलो. समोरच्या टेबलावरून एक किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस उठला, जवळ आला आणि त्यानं फाडकन मारलं. "काचेवर राख आहे आणि तू ती घासतोयस," तो म्हणाला. "भांडी घासायला लागलायस का इथं?" त्याचं नाव आणि हुद्दा मला नंतर कळला. राग आधी आला.

माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे. नानांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण मला ते अजून जमत नाही. त्यांचं नाव निघालं की आजही माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, आता पुरे. पण पुरे म्हणून संपतो तो राग कसला?

नाना मूळचे बागलाणातले. एरवी शुद्ध मराठी बोलायचे, पण संतापले की अहिराणीवर जायचे. "हाई काय शे?" असा आवाज आला की सगळा विभाग हातातलं काम खाली ठेवायचा. दिवसा ते केंद्रातले प्रेशर गेज आणि रेकॉर्डर दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी क्वार्टरमध्ये लोकांचे कॅमेरे. नाशिकचे स्टुडिओवाले, वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर, सगळे त्यांच्याकडे यायचे आणि शिव्या खाऊन जायचे. एका स्टुडिओवाल्यानं टूथपेस्ट लावून लेन्स चकचकीत करून आणली होती. नानांनी ती बघितली, त्याच्या हातात परत दिली आणि काकूंना म्हणाले, "यांना चहा दे आणि वाटेला लाव."

त्यांची शिकवण ठरलेली होती. पोरांना पाढे म्हणायला लावावेत तशी ती ते माझ्याकडून म्हणवून घ्यायचे. "काच दिसली की पुसायचं, ही आपली खोड. पुसायचं सगळ्यात शेवटी. आधी रबरी फुग्यानं धूळ उडवायची. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी जाते. मग ब्रशनं उचलायची. ओलं काही असेल तर वाळू द्यायचं. आणि एवढं करूनही राहिलं तर स्वतः शहाणपणा न करता माझ्याकडे आणायचं." मी चुकलो तर पुन्हा पहिल्यापासून. कॅन्टीनमध्ये, चार लोकांसमोर. मी पंचविशी ओलांडलेला, कायम नोकरीतला माणूस होतो हो!

तरी मी त्यांच्या नादाला लागलो, कारण फोटोचं वेड मलाही होतं. गंगापूर रोडच्या पलीकडे कॅनॉललगत आमचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. मला त्या मळ्याचे आणि तिथं राबणाऱ्या माणसांचे चांगले फोटो काढायचे होते. नाना मला 'फुलवाले' म्हणायचे. एक दिवस म्हणाले, "फुलवाले, त्र्यंबकला एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा आहे. रविवारी स्कूटर काढा."

त्र्यंबकेश्वरात यात्रेकरूंचे फोटो काढून पोट भरणारे एक म्हातारे गृहस्थ होते. आता यात्रेकरू स्वतःचेच छोटे कॅमेरे घेऊन येत, म्हणून त्यांनी धंदा बंद केला होता. पत्र्याच्या ट्रंकेतून, धोतराच्या फडक्यातून त्यांनी कॅमेरा काढला. नानांनी त्याची लेन्स सोडवली, खिशातला टॉर्च मागून लावला आणि मला बघायला सांगितलं. आत कोळ्यानं विणल्यासारखं जाळं पसरलं होतं. त्र्यंबकचे ओले चार महिने त्या ट्रंकेत वर्षानुवर्षं मुरले होते. मी नको म्हणून मान हलवली. नाना तिथंच, त्या म्हाताऱ्यांसमोर, माझ्यावर खेकसले. "बुरशी आहे, पण ओरखडा एकही नाही. चाळीस वर्षं वापरून ओरखडा नाही! या माणसाच्या पाया पड आणि घे. बुरशी मी काढतो. ओरखडा ब्रह्मदेवालाही निघत नाही."

मी घेतला. म्हाताऱ्यांनी पत्र्याचं काळं टोपण लेन्सवर बसवून कॅमेरा माझ्या हातात दिला.

पुढचे तीन आठवडे नाना रोज संध्याकाळी पांढऱ्या टॉवेलवर ती लेन्स मांडून बसायचे. प्रत्येक काच कुठल्या बाजूनं, किती वळणांवर बसली होती ते वहीत काढून ठेवायचे. स्पिरिटचा बोळा काचेवर टेकवायचे आणि फक्त एकदा, मधून बाहेर, फिरवायचे. मग तो बोळा टाकून नवा. सगळ्यात पुढच्या काचेपाशी आले तेव्हा त्यांनी पंखा बंद केला, काकूंना स्वयंपाकघरात भांडी वाजवू नका म्हणून सांगितलं. "या काचेवरचा लेप लोण्यासारखा मऊ आहे," ते मला म्हणाले. "जोरात बघितलंस तरी उमटेल." काम झालं आणि टॉर्च लावला, तर आत काही नव्हतं. नुसता उजेड. नाना तेव्हा हसले. मी त्यांना हसताना त्या एकाच वेळी पाहिलं, म्हणून लक्षात आहे.

या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं. वर वेगळी छोटी खिडकी असते. तिच्यात माणूस दोनदा दिसतो, आणि लेन्सचं कडं फिरवत ती दोन माणसं एकावर एक आणायची. लेन्सवर टोपण असलं तरी खिडकीत सगळं छान दिसतं. बहिणीच्या साखरपुड्याला मी छत्तीस फोटो काढले आणि रोल कोरा आला. टोपण काढायलाच विसरलो होतो. नाना त्या रविवारी मळ्यावर आले, मला सगळ्यांसमोर गाढव म्हणाले, टोपण हिसकावून घेतलं आणि कॅनॉलच्या वाहत्या पाण्यात भिरकावून दिलं.

"नाना, धूळ बसेल ना आता," मी म्हणालो.

"धूळ फुग्यानं उडते. गाढवपणा उडत नाही!"

आई बघत होती. "लय तापट हाय बाबा तुझा मास्तर," ती म्हणाली आणि त्यांना जाताना पिशवीभर शेवंती दिली.

टोपण नसल्यामुळे मी खरोखर सुधारलो. वर्षभर सुंदर फोटो निघाले. मळ्यात पहाटे फुलं तोडणाऱ्या बायका, दव पडलेले वाफे, वडिलांचे हात. नाना प्रत्येक फोटोला नावं ठेवायचे आणि प्रत्येकाची एक प्रत मागून घ्यायचे.

मग खंडेनवमी आली. दसरा म्हणजे झेंडूवाल्यांची वर्षाची धावपळ. सगळं घर तोडणीला आणि गाडी भरायला जुंपलेलं. तरी आईनं रितीप्रमाणे पाट मांडला. खुरपी, विळे, तराजू, पाण्याची मोटर, माझी स्कूटर. "तुझं बी हत्यार ठेव की," ती म्हणाली. मला इतका अभिमान वाटला, की मी कॅमेरा नेऊन पाटावर ठेवला, लेन्स वर करून. आणि गाडी भरायला गेलो.

आई प्रत्येक हत्याराला ओल्या बोटानं हळद-कुंकू लावत आली. कॅमेऱ्यापाशी तिला ती गोल, चमकणारी काच दिसली. तिला ते त्याचं कपाळ वाटलं. बरोबर मध्यभागी तिनं हळद लावली, त्यावर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला.

मी आलो तेव्हा ते अर्धवट वाळलं होतं. मला सगळं पाठ होतं. फुगा, ब्रश, वाळू द्यायचं, नानांकडे न्यायचं. पण मला नानांचीच भीती वाटली. मी माझं मऊ बनियन घेतलं आणि पुसलं. गुलाबी डाग पसरला. मग जोरात पुसलं. डाग गेला, आणि उजेडात धरल्यावर काचेवर केसांसारख्या बारीक गोल रेघा दिसल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आपट्याची पानं आणि कॅमेरा घेऊन नानांच्या क्वार्टरवर गेलो. सोनं दिलं, पाया पडलो, आणि मग कॅमेरा पुढे केला. त्यांनी टॉर्च लावला. काच तिरकी करून बघितली.

"पुसलीस."

"आईनं पूजा केली, नाना. कुंकू लागलं होतं."

"कुंकू मी काढलं असतं रे! दहा कुंकवं काढली असती! घासायला तुला कुणी सांगितलं? कुणी शिकवलं हे?" त्यांचा आवाज चढत गेला. "आणि तुझ्या आईला काही कळतं की नाही? काचेला कुंकू?"

आईचं नाव निघालं आणि माझाही तोल गेला. "टोपण असतं तर काचेला लागलंच नसतं," मी म्हणालो. "टोपण कुणी फेकलं, नाना?"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. नानांनी टॉर्च विझवला. मग त्यांनी खिशात हात घातला, मी दिलेली आपट्याची पानं काढली आणि माझ्या तळहातावर परत ठेवली.

दसऱ्याचं सोनं कुणी परत करतं का? वैऱ्याचंही कुणी करत नाही. त्या माणसानं ते केलं, एका काचेसाठी. मी घरी आलो तर आईनं लगेच ओळखलं आणि माझ्याकडून सगळं काढून घेतलं. पुढच्या खंडेनवमीला तिनं स्कूटरच्या दिव्यालाही कुंकू लावलं नाही. लांब मडगार्डला लावलं आणि मला विचारलं, "हितं चालंल ना रं?" ती जाईपर्यंत दर वर्षी विचारायची. हे मी नानांना कधीच माफ केलेलं नाही.

पाच वर्षं आम्ही एका खोलीत, तीन टेबलांच्या अंतरावर बसलो आणि एकमेकांशी बोललो नाही. काही सांगायचं असलं की नाना शिपाई गांगुर्डेला म्हणायचे, "त्यांना सांग." मीही म्हणायचो, "त्यांना विचार." गांगुर्डे वैतागला होता.

या अबोल्याच्या चौथ्या वर्षी एका सकाळी माझ्या टेबलावर एक ॲल्युमिनियमचं टोपण ठेवलेलं दिसलं. लेथवर कातलेलं, बाहेरून काळं केलेलं, आत मखमलीची गोल पट्टी. मी घरी नेऊन लेन्सवर बसवून बघितलं. हवाही आत जाणार नाही असं बसलं. त्या विभागात असं काम एकाच माणसाला येत होतं. चिठ्ठी नाही, शब्द नाही. मला भयंकर राग आला. सोनं परत करताना हात पुढे झाला होता, मग आता तोंड उघडायला काय झालं? मी ते गांगुर्डेच्या हाती परत पाठवलं आणि सांगितलं, "म्हणावं, ज्यानं केलं त्यानं तोंडानं सांगावं." नानांनी टोपण घेतलं, खिशात टाकलं आणि गेज उघडून बसले.

त्यांच्या निरोप समारंभाला फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. मी मुद्दाम तोच कॅमेरा नेला. शाल आणि नारळ घेऊन नाना खिडकीपाशी उभे होते. कॅमेऱ्याच्या खिडकीत मला दोन नाना दिसत होते, मी कडं फिरवत त्यांना जवळ आणत होतो, तेवढ्यात ते कडाडले. "हाई काय शे? तीच लेन्स? तिच्यावर रेघा आहेत! समोरून उजेड घेतलास तर सगळं धुकं येईल. सावलीत सरक, गाढवा!" बोट उगारलेलं, मिशा थरथरलेल्या. पाच वर्षांनी माझ्याशी बोललेले पहिले शब्द. मी बटण दाबलं.

मग ते थांबले. मीही थांबलो. दोघांपैकी एकानं अजून एक वाक्य बोलायला हवं होतं. तेवढ्यात लोक हार घेऊन आले आणि मी कॅमेरा बंद केला. त्यानंतर नाना नाशिकरोडला राहायला गेले. मी त्यांच्या घरावरून आठवड्यातून दोनदा जायचो. आत गेलो नाही.

नाना गेले तेव्हा काकूंचा निरोप आला. आयुष्यभर दुसऱ्यांचे कॅमेरे नीट करणाऱ्या माणसाचा घरात एकही धड फोटो नव्हता. मी निरोप समारंभातला तोच फोटो मोठा करून दिला. रेघांमुळे त्यात खरोखरच धुकं आलं आहे, आणि त्या धुक्यातून नाना बोट उगारून ओरडत आहेत. काकू म्हणाल्या, "राहू दे. असेच होते."

वर्षश्राद्धाला गेलो. हार घातला. काकूंनी पाण्यात कालवलेलं गंध माझ्यापुढे धरलं. "तुम्ही लावा," म्हणाल्या. मी बोट बुडवायला गेलो आणि हात थांबला. गंध ज्यात कालवलं होतं ती वाटी नव्हती. बाहेरचा काळा रंग बराचसा निघाला होता. आत मखमलीची पट्टी होती ती जागा घासून स्वच्छ केलेली होती.

"ही कुठली, काकू?"

"ह्यांनीच केलेली कसलीशी वाटी. सारखी खिशात असायची. कपडे धुवायला टाकताना रोज मी काढून ठेवायची, रोज हे पुन्हा खिशात घालायचे. कशाची, विचारलं की अंगावर यायचे."

सगळं मनात उसळून आलं. अहो नाना, आपण होऊन एक शब्द बोलला असता तर तुमचं काय गेलं असतं? आणि मी ते टोपण ठेवून घेतलं असतं तर माझं काय गेलं असतं? मागे माणसं खोळंबली होती. मी त्या टोपणात बोट बुडवलं आणि फ्रेमच्या काचेवर, नानांच्या कपाळाच्या जागी, गंध लावलं.

जरा जास्तच लागलं. एक ओघळ त्यांच्या मिशीपर्यंत आला. मी रुमाल काढला. नाना बोट उगारून माझ्याकडेच बघत होते. मी रुमाल परत खिशात ठेवला आणि ते वाळेपर्यंत तिथंच उभा राहिलो.